काळ्या कुत्र्याचे शनिवार

भाईंदरला थंडी पडते ती अंगापेक्षा गाड्यांवर जास्त दिसते. त्या वर्षी शेजारची इमारत पुनर्विकासासाठी पाडायला घेतली होती. दिवसभर पाडकाम चाले, संध्याकाळी हवा जड झाली की उडालेली धूळ खाली बसे. सकाळी पाहावं तर आवारातल्या गाड्या, कुंड्या, वॉचमनची खुर्ची, सगळ्यांवर पांढरा थर. परदेशी राहणाऱ्यांचे आईबाप असे फोटो आपल्याला कौतुकाने दाखवतात, फक्त त्यांच्याकडे तो बर्फ असतो. त्या थरावर आमच्या कुत्र्याचे ठसे उमटत. तीन पंजे आणि एक रेघ. मागचा डावा पाय तो ओढत चालायचा.

त्याचं नाव लिहीत नाही. त्याला ते वर्षभर ऐकूच येत नव्हतं, तेव्हा त्या नावाचा उपयोग उरला होता तो आम्हा दोघांनाच. आम्ही मुंबईतली भाड्याची खोली सोडून इथे आलो तेव्हा मुर्धा गावाच्या बाजूला, मिठागराच्या बांधावर, तो बायकोला सापडला होता. जात विचारणाऱ्यांना ती ‘भाईंदर पश्चिम’ असं सांगे. नाकापासून शेपटीपर्यंत तो काळा होता. हे पुढे महत्त्वाचं ठरणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. म्हातारपणी तोंड तेवढं पिकलं होतं. लांबून पाहिलं तर दह्याच्या भांड्यात तोंड घालून आल्यासारखा दिसायचा, आणि वर तोंडावर त्या चोरीची लाजही असायची.

दिवाळीत कोणीतरी कौतुकाने त्याला चकल्या खाऊ घातल्या आणि तो मरता मरता वाचला. प्राण्यांची डॉक्टर तरुण मुलगी होती, उत्तनची. दवाखान्यात ती शाळेतल्यासारखं शुद्ध मराठी बोलायची, पण काळजी वाटली की घरची भाषा बाहेर पडायची.

“काका, स्वादुपिंड सुजलंय. या वेळी निभावलं. आता तेल, तूप, तळलेलं, थेंबसुद्धा न्हाय द्यायचा. परत झालं तर हे वय न्हाय ते सोसायचं.”

“किती दिवस जपायचं?” बायकोने विचारलं.

“हिवाळा निघू दे, काकी. मग पुढचं बघू.”

तेव्हापासून हिवाळा निघणं हे आमच्या घरातलं एकमेव काम झालं. बायको त्याच्यासाठी मऊ भात, उकडलेला दुधी आणि कातडी काढलेल्या कोंबडीचं पाणी करायची. सगळं बिनतेलाचं, बिनमिठाचं. आमच्या घराण्यात इतक्या पथ्याने कोणी जेवलं नव्हतं. मला रक्तदाब असून मी लोणचं खात होतो.

डिसेंबरच्या सुरुवातीला त्याला जिना जमेनासा झाला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट आहे, पण लिफ्टच्या दारावर नोटीसही आहे: ‘पाळीव प्राणिमात्रांस उद्वाहनातून नेण्यास सक्त मनाई. हुकुमावरून.’ खाली सोसायटीच्या अध्यक्षांची सही, सहीखाली पद, पदाखाली शिक्का. अध्यक्ष पहिल्या मजल्यावर राहत आणि सभासदांना घराच्या नंबरने हाक मारत. स्वातंत्र्यदिनाला ते शेरवानी घालत. झेंडा वर गेल्यावर सगळ्यांची नजर झेंड्याकडे असते, त्यांची फोटोग्राफरकडे असायची.

“तीनशे दोन,” त्यांनी मला जिन्यापाशी गाठलं, “नोटीस वाचली ना?”

“वाचली. प्राणिमात्रांत आपणही येतो, म्हटलं. तेव्हा सगळ्यांनीच जिन्याने जायचं ठरलं का?”

ते हसले नाहीत. माझीही अपेक्षा नव्हती. आम्ही जुन्या चादरीची झोळी केली. उतरताना मी पुढे, बायको मागे, मधे काळं डोकं बाहेर काढून तो. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई रोज दार उघडून उभ्या राहत.

“काय काका, डोली कुठे निघाली?”

“माहेरी,” बायको म्हणायची. “मिठागरावर.”

मिठागरावर नेणं आता शक्य नव्हतं. आवारात उन्हाला अर्धा तास बसवायचं आणि परत आणायचं. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाले होते, पण वारा खाडीकडून आला की नाक वर करून तो बराच वेळ तसाच बसायचा. त्याला त्यात मिठाचा वास येत असावा किंवा कुजक्या मासळीचा. दोन्हींत त्याला सारखाच रस होता.

नाताळच्या आधी सोसायटीत ‘हिमोत्सव’ झाला. कल्पना अध्यक्षांची. फाटकावर भला मोठा फ्लेक्स लागला: एका बाजूला हिमालय, एका बाजूला पेंग्विन, मधे अध्यक्ष. बर्फ पाडणारं यंत्र भाड्याने आणलं होतं. ते साबणाचा फेस वर उडवायचं आणि फेस पोरांच्या डोक्यावर पडायचा. अध्यक्ष लोकरीचा कोट घालून घामाने निथळत उद्घाटनाचं भाषण करत होते. भाईंदरकरांना आता कुलू-मनालीला जायची गरज नाही, असं त्यांनी जाहीर केलं. पलीकडे पाडकाम चालू होतं आणि त्या वेळी खरा बर्फ कोणता आणि खोटा कोणता, हे सांगणं अवघड होतं.

आम्ही झोळी घेऊन उतरलो तेव्हा हे चालू असेल असं वाटलं नव्हतं. त्याला खाली ठेवलं तोच यंत्र आमच्या बाजूला वळलं. तो जागचा हलला नाही. फेस त्याच्या पाठीवर, कानांवर, शेपटीवर साचत गेला आणि बघता बघता तो पांढरा झाला. पोरं ओरडायला लागली. त्याला ऐकू येत नव्हतं, आणि दिसत होतं तेही पांढरंच. फोटोग्राफर धावत आला. मागून अध्यक्ष.

“ओ, ते फ्रेममधून बाजूला घ्या. शुभकार्यात काळं कुत्रं कशाला?”

“आत्ता पांढराच आहे तो,” बायको म्हणाली. “काढा फोटो.”

फोटोग्राफरने काढला. मग बायकोने ओढणीने त्याचं तोंड पुसलं, कारण तो फेस चाटायला लागला होता.

त्यानंतर आठवडाभरात अध्यक्षांच्या मुलाची मोटरसायकल रस्त्यावर सांडलेल्या खडीवरून घसरली. तिशीचा मुलगा, एकुलता एक. हाडं मोडली नाहीत, डोक्याला मार बसला. मेंदूत रक्त साकळलं, ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर तो शुद्धीवरच येईना. आम्हाला हे हळूहळू कळत गेलं. आवारात बरेच दिवस एकही नवी नोटीस लागली नाही, तेव्हा प्रकरण किती गंभीर आहे ते लोकांना उमगलं.

एका शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात अध्यक्ष, दाढी वाढलेली, हातात स्टीलचा डबा. मला वाटलं, हॉस्पिटलला जाता जाता काही निरोप द्यायला आले आहेत.

“दादा,” ते म्हणाले. मी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी उभं आहे का ते. “एक विनंती होती.”

“या ना. आत या.”

ते आत आले, पण बसले नाहीत. “आमच्या गुरुजींनी सांगितलंय. मुलाला शनीची पीडा आहे. शनिवारी काळ्या कुत्र्याला मोहरीच्या तेलाची चपाती घालायची. काही शनिवार. पूर्ण काळा पाहिजे.”

“बाहेर आहेत की बरेच.”

“बघून आलो. आपल्या गल्लीतल्याच्या पायांना पांढरं आहे. मोरवा गावापर्यंत जाऊन आलो सकाळी. तिथला एक होता, पण छातीवर ठिपका निघाला.”

“आमच्याचं तर अख्खं तोंड पांढरं आहे.”

“ते वयाचं, दादा. वयाचं धरत नाहीत. मी विचारलं गुरुजींना.”

शनी हा वायूचा गोळा आहे आणि भाईंदरमधल्या चपातीत त्याने लक्ष घालावं असं काही कारण नाही, हे मला माहीत होतं. अध्यक्षांनाही माहीत असावं. ते विज्ञानाचे पदवीधर होते आणि दाराच्या पाटीवर तसं लिहिलेलं होतं. पण मोरव्यापर्यंत जाऊन कुत्र्यांच्या छात्या तपासून आलेल्या माणसाला खगोलशास्त्र सांगायचं कोणत्या तोंडाने? मी त्यांना फक्त कुत्र्याचं सांगितलं. दिवाळीतलं दुखणं, डॉक्टरने घातलेली बंदी, परत झालं तर काय होईल ते.

ते दाराजवळच्या चपलांच्या स्टँडवर बसले.

“थेंबसुद्धा नाही?”

“थेंबसुद्धा नाही.”

“बरं,” ते म्हणाले. पण उठले नाहीत. डबा मांडीवर धरून बसून राहिले. बायको स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. ती बाहेर आली, त्यांच्या हातातला डबा घेतला, चपातीचा नखाएवढा तुकडा तोडला, तो कागदात दाबला, नळाखाली धुतला, परत दाबला, आणि भातात कालवून कुत्र्यापुढे धरला. त्याने तो गिळला. बाकी भात तसाच ठेवला.

“झालं,” ती म्हणाली. “खाल्ली त्याने.”

“हे चालेल, वहिनी?”

“तुमच्या शनीला काळ्या कुत्र्याच्या पोटात चपाती पाहिजे. गेली ना? बाकीची फाटकाबाहेरचे खातील. त्यांच्या पायांना पांढरं असलं तरी भूक तीच आहे.”

अध्यक्षांनी मान हलवली. मग दारात थांबून हळूच म्हणाले, “आमच्या हिला यातलं काही सांगू नका. तेलाचंही नको. ती पहाटे उठून करते या चपात्या. तिला वाटू दे तो पूर्ण खातो.”

आम्ही कशाला सांगतोय? कोणाच्या आईला जाऊन, तुझा उपाय आमच्या कुत्र्याला विष आहे, असं सांगण्याइतकं आमचं धैर्य नव्हतं. आमच्याकडे अशा वेळी गप्प बसण्याला समजूतदारपणा म्हणतात.

दुसऱ्या दिवशी झोळी घेऊन आम्ही जिन्याकडे वळलो तर लिफ्टचं दार धरून अध्यक्ष उभे. आम्ही आत गेलो, त्यांनी बटण दाबलं. नोटीस तशीच राहिली. ती काढायला सभा बोलवावी लागली असती.

पुढचे शनिवार असे गेले. अध्यक्ष हॉस्पिटलला जायच्या आधी डबा घेऊन यायचे, बायको तुकडा धुऊन द्यायची, आणि तो खाईपर्यंत ते चपलांच्या स्टँडवर बसून राहायचे. खुर्ची दिली तरी घेत नसत. आम्ही एकमेकांना दोघांच्याही बातम्या द्यायचो.

“काल बोट हललं, नर्स म्हणाली.”

“याचीही अर्धी वाटी गेली काल.”

“डॉक्टर म्हणतात, वाट बघा.”

“आमची पण तेच म्हणते.”

जानेवारीच्या अखेरीला दोन्ही बातम्या वाईट व्हायला लागल्या. मुलाला ताप भरायचा, उतरायचा. कुत्रा खाण्याकडे पाठ करून झोपायचा. बायको त्याच्या दाताआड बोटाने भात सारायची आणि तो भिडेखातर गिळायचा. थंडी तेवढीशी नव्हती, पण त्याला वाजायची. माझ्या जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून तो त्याला घातला. त्यात तो एखाद्या निवृत्त हेडमास्तरसारखा दिसायचा, आणि आमच्याकडे बघायचाही तसंच: तुमच्याकडून फारशी अपेक्षा नव्हती, आणि तेच झालं.

एकदा बायको त्याला भरवता भरवता थांबली.

“अहो, आपण याला कोणासाठी जपतोय?”

“म्हणजे?”

“याला काही नकोय आता. मला दिसतंय. पण तो माणूस शनिवारी येऊन बसतो. हा गेला तर त्याला काय सांगायचं?”

तिने बोट परत भातात बुडवलं.

मग तो शनिवार आला. सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला म्हणून अध्यक्ष घाईने निघून गेले होते. मुलाला परत श्वासाच्या मशीनवर घेतलं होतं. हे मला नंतर कळलं. मी कुत्र्याला आवारात उन्हाला बसवलं, वॉचमनला “जरा देखना” म्हटलं, आणि कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे त्याची उलटी थांबवायची गोळी आणायला गेलो. बायको वर भात लावत होती.

परत आलो तर अध्यक्षांची बायको धुळीत उकिडवी बसलेली. तिला मी कधी जमिनीवर बसलेलं पाहिलं नव्हतं. हिमोत्सवात ती पुढच्या रांगेत, शाल पांघरून खुर्चीवर होती. पुढे डबा उघडा पडला होता, रिकामा. कुत्रा तिची बोटं चाटत होता. आणि त्याची शेपटी हलत होती. ती शेपटी हलताना मी किती दिवसांनी पाहत होतो ते मला आठवेना.

“भाऊ!” ती म्हणाली. “सगळ्या खाल्ल्या! हे गेले हॉस्पिटलला, म्हटलं शनिवार चुकायला नको. आज जास्तच केल्या होत्या, तेल पण सढळ लावलं. म्हटलं म्हातारा आहे, एखादी खाईल. एक पण ठेवली नाही हो! डबा पण चाटला, बघा.”

तिच्या हनुवटीला तेल लागलं होतं. कपाळावर पांढरी धूळ. डोळ्यांखाली त्या महिन्यात जे झालं होतं ते सगळं, आणि त्याच्यावर हसू.

“आता माझा मुलगा उठणार,” ती म्हणाली. “असं खातो का कोणी उगाच? उठणार ना, भाऊ?”

वॉचमन मान डोलवत उभा होता. “बहुत भूखा था साब,” तो म्हणाला.

“खूप दिवसांनी खाल्लं त्याने एवढं,” मी म्हणालो. ते खरं होतं.

मी त्याला उचलून लिफ्टने वर नेलं. त्याच्या श्वासाला मोहरीच्या तेलाचा वास येत होता. बायकोला दारातच तो वास आला. तिने फोन उचलला.

डॉक्टरने करता येईल ते सगळं केलं. सुई, सलाईन, वेदना थांबवायचं औषध. दुपारपर्यंत तो ठीक होता, इतका ठीक की मला वाटलं, निसटला. संध्याकाळी ओकायला लागला. रविवारी सकाळी तो पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागची बाजू वर धरून, तसाच उभा राहिला. खाली बसेना, आडवा होईना. पोटातल्या कळेने कुत्री अशी उभी राहतात, असं डॉक्टरने दिवाळीत दाखवलं होतं.

तो तसा उभा असतानाच अध्यक्षांची बायको आली. मुलाचा ताप रात्रीत उतरला होता, ते सांगायला. हातात नारळ होता. कुत्र्याकडे पाहिलं आणि तिने दोन्ही हात जोडले.

“ताई, बघा ना,” ती कुजबुजली. “नमस्कार घालतोय.”

बायको भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी नारळ घेतला आणि बरं म्हणालो.

सोमवारी दुपारी डॉक्टर घरी आली. तिने त्याच्या हिरड्या पाहिल्या, पोटावर हात ठेवला, आणि तो हात तसाच राहू दिला.

“आता थांबायचं न्हाय, काका.”

बायको जमिनीवर बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. इंजेक्शन दिल्यावर त्याला रोज लागायची तशीच झोप लागली, फक्त त्या झोपेत दुखणं नव्हतं. पाय सैल पडला. ओढायचा तोच. शेजारी पाडकाम चालू होतं, त्याच्या हादऱ्याने आमच्या कपाटाच्या काचा वाजत होत्या. बायको त्याच्या कानाशी काहीतरी बोलत होती. त्याला ऐकू येत नव्हतं, आणि मलाही आलं नाही.

उत्तनच्या वाटेवर डॉक्टरच्या मामाची वाडी आहे. तिथे पुरायला जागा मिळाली. कसं न्यायचं हा प्रश्न होता, तोच अध्यक्ष गाडीची किल्ली घेऊन आले. डिकीत खड्या मिठाचं पोतं होतं. मुर्ध्याहून आणलं, म्हणाले. पुरताना मीठ घालतात, हे मला माहीत होतं. माणसासाठी. कुत्र्यासाठीही घालतात का, ते कोणी विचारलं नाही.

खड्डा मामांनी आधीच खणून ठेवला होता. आम्ही त्याला स्वेटरसकट खाली ठेवलं. अध्यक्षांनी पोतं फोडलं आणि ओंजळीने मीठ टाकायला सुरुवात केली. मीही टाकलं. आधी पाय झाकले, मग शेपटी, पाठ, मग स्वेटर. शेवटी तोंड. ते आधीच पांढरं होतं, कधी झाकलं गेलं कळलं नाही. बायको नारळाच्या झाडापाशी उभी होती. मामा टोपी काढून उभे होते. त्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली आणि फावडं उचललं.

माती लोटून झाल्यावर अध्यक्ष हात झटकत माझ्या शेजारी आले.

“दादा, शनिवारच्या चपात्या...”

“म्हातारा होता,” मी म्हणालो.

“किती खाल्ल्या?”

“सगळ्या.”

त्यांच्या हातांवर मिठाचे कण चिकटले होते. ते पुसायला त्यांनी रुमाल काढला, मग तो तसाच खिशात ठेवला.

“हिला...”

“नाही,” मी म्हणालो. “कधीच नाही.”

सोसायटीने श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. कोणाच्या डोक्यातून आलं माहीत नाही, पण आमच्याकडे माणूस जातो त्याच्या आधी फ्लेक्स छापून तयार असतो, कुत्र्याचं थोडं उशिरा झालं इतकंच. फोटो एकच मिळाला, हिमोत्सवातला. त्यात तो फेसाने नखशिखांत पांढरा होता आणि मागे अध्यक्षांचा अर्धा कोट आला होता. खाली ‘आमचा लाडका’ असं लिहून चुकीचं नाव घातलं होतं. बायको फाटकाशी थांबून तो बघत राहिली. “ओळखूच येत नाही,” ती म्हणाली, आणि भाजीला गेली.

त्याच आठवड्यात मुलाने डोळे उघडले. त्याला मशीनवरून काढलं, नंतर साध्या वॉर्डात आणलं. तो कोणाला ओळखत नव्हता. बोलत नव्हता. पाणी ओठाला लावलं की गिळायचा. डॉक्टर म्हणाले, यापुढे किती सुधारेल सांगता येत नाही, कदाचित इतकंच. एवढ्या दिवसांनंतर ती चांगली बातमी होती, आणि आम्ही सगळ्यांनी ती चांगल्या बातमीसारखीच घेतली.

शनिवारी दोघं नवराबायको वर आले. अध्यक्ष सवयीने चपलांच्या स्टँडवर बसायला गेले, मग उठून खुर्चीवर बसले. त्यांची बायको आमच्या बायकोचा हात धरून रडायला लागली.

“त्याने अंगावर घेतलं, ताई. माझ्या मुलावरचं सगळं त्याने स्वतःवर घेतलं. माझ्या हातचं खाल्लं आणि घेऊन गेला.” मग माझ्याकडे वळली. “हो ना, भाऊ? तुम्ही वाचलेलं माणूस. असं होतं ना?”

अध्यक्ष फरशीकडे बघत होते. मी आयुष्यभर, असं काही होत नाही, हे लोकांना सांगत आलो आहे. न विचारताही सांगितलं आहे. बायको माझ्याकडे बघत होती.

“हो, वहिनी,” मी म्हणालो. “घेतलं त्याने.”

तिने डोळे पुसले. थोड्या वेळाने तिला आठवलं. “पण गुरुजींनी सांगितलेले शनिवार अजून उरलेत. आता दुसरा काळा कुठून आणायचा?”

“उरले नाहीत,” अध्यक्ष म्हणाले. मान वर न करता. “त्या दिवशी त्याने सगळे एकदम खाल्ले.”

तिने त्यावर विचार केला आणि तिला ते पटलं.

बायको उठून आत गेली. सवयीने तिने मऊ भात लावला होता. तो फेकवेना म्हणून चार ताटल्यांत वाढून बाहेर आणला. अध्यक्षांच्या बायकोने कित्येक दिवसांत धड काही खाल्लं नव्हतं, ती खायला लागली. मग आम्हीही खाल्लं. भाताला मीठ नव्हतं. कोणी मागितलं नाही.